आधी गाव ठरव

आमच्या घरमालकांशी भांडणं अशक्य होतं, कारण भांडण सुरूच व्हायचं नाही. आपण तावातावाने काहीतरी म्हणावं, की ते चष्मा कपाळावर सरकवून, आधी जर्मन 'तर मग' लावून विचारायचे, "आल्झो, आधी गाव ठरव. हे तू कुठल्या गावच्या नियमानं बोलतेयस?" गाव ठरेपर्यंत आपला राग निवायचा, आणि राग निवल्यावर भांडणाला काही चव राहत नाही.

कोलोनमध्ये ऱ्हाइनच्या पलीकडच्या बाजूला त्यांचं तीन मजली घर होतं. तळमजल्यावर ते एकटे, मधल्या मजल्यावर एक जर्मन नर्स, आणि सगळ्यात वर आम्ही तिघं: मी, नवरा आणि आमची मुलगी. चार वर्षं आम्ही तिथे राहिलो. 'मराठी घरमालक आहेत, पण जरा विक्षिप्त' असं इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी आधीच बजावलं होतं. कोलोनमध्ये घर मिळण्याची मारामार बघता आम्ही पूर्ण विक्षिप्त माणूससुद्धा पत्करला असता.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि भाड्याचा करार वाचायला घेतला. सतरा पानं. प्रत्येक कलम आधी जर्मनमध्ये, मग मराठीत. हिवाळ्यातसुद्धा दिवसातून तीनदा खिडक्या सताड उघडून हवा खेळवायची, हे कलम आलं तेव्हा नवऱ्याला डुलक्या यायला लागल्या होत्या. मी आपलं गोड बोलून सुटका करायला बघितलं. म्हटलं, "काका, राहू द्या ना, आमचा तुमच्यावर विश्वास आहे."

"विश्वास असेल तर सही कशाला करतेस? आणि सही करणार असशील तर ऐक."

अडीच तास लागले. चहा मात्र तीनदा झाला, आणि चांगला झाला.

ते मूळचे सांगलीकडचे. मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून तरुणपणी जर्मनीत आले आणि एका यंत्रांच्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत टिकले. त्यांच्या या गाव ठरवण्याच्या वेडाचं मूळ त्या कारखान्यात होतं, असं ते स्वतःच सांगायचे. नव्या नोकरीत त्यांनी एकदा इंची आट्यांचा बोल्ट मिलिमीटरच्या आट्यांच्या नटमध्ये बसवला होता. "बसतो ना! पहिले दोन आटे अगदी लोण्यासारखे बसतात," ते सांगायचे. "आपल्याला वाटतं, जमलं. मग जोर लावला की आटे मारले जातात, आणि मग तो बोल्ट पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. ते यंत्र दोन दिवस बंद पडलं होतं माझ्यामुळे. तेव्हापासून ठरवलं, एका जागी एकच माप."

हे एक माप त्यांनी सगळीकडे लावलं. मंडळाच्या कॅरमच्या स्पर्धेत राणी घेतल्यावर कव्हर लगेच घ्यायचं की पुढच्या हाताला चालतं, यावर कोल्हापूरकर आणि पुणेकर दरवर्षी एकमेकांवर डाफरायचे. काकांनी एका वर्षी खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक जोडीकडून कागदावर लिहून घेतलं, 'आम्ही अमुक गावच्या नियमाने खेळत आहोत', खाली सह्या. पाच बोर्डांवर तीन गावं झाली. भांडण एकही झालं नाही, आणि सगळ्यांचं म्हणणं पडलं की त्या वर्षी स्पर्धा अगदीच मिळमिळीत झाली.

माझी मुलगी त्यांच्याशी अर्धं वाक्य मराठी आणि उरलेलं जर्मन बोलायची. "एक वाक्य, एक भाषा," ते तिला दटावायचे. "नाइन," ती जर्मनमध्येच नकार द्यायची. ते स्वतः मात्र 'आल्झो' शिवाय तोंड उघडायचे नाहीत आणि 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हटल्याशिवाय मिटायचे नाहीत. हे मी त्यांना एकदा दाखवून दिलं, तर म्हणाले, "ते शब्द नाहीत. ते वंगण आहे."

संकष्टीचा किस्सा तर मंडळात अजून सांगतात. उन्हाळ्यात इथे संकष्टीचा चंद्र उगवायला मध्यरात्र होते, म्हणून आमच्यातल्या बहुतेक जणी पुण्याचा चंद्रोदय धरून संध्याकाळी सहालाच ताटावर बसतात. मीही त्यातलीच. एकदा काकांनी जिन्यात मला गाठलं. माझ्या हातात मोदकांचा डबा होता, त्यांच्यासाठीच.

"सोडलास उपास?"

"हो काका. पुण्यात उगवला."

"उत्तम. पुण्याचा चंद्र घे, माझी ना नाही. पण मग सूर्यही पुण्याचा घे. उद्या सकाळी साडेतीनला उठ आणि ऑफिस सुरू कर."

"इतकं काय धरून बसायचं काका, देवाला कळतं."

"देवाला कळत असेल. मला तुझं कळत नाही. गैरसोय झाली की पुणं, आणि भारतातल्या सणाला इथे सुट्टी नाही म्हणून रडताना जर्मनी. एक गाव निवडावं आणि त्या गावचं सगळं खावं, गोड पण आणि कडू पण." एवढं बोलून त्यांनी डबा घेतला. मोदक कुठल्या चंद्रावर केलेत याची मात्र चौकशी केली नाही.

त्यांच्या बायकोने तीस वर्षं कोलोनचा चंद्र पाळला, हे मला नर्सबाईंकडून कळलं. ढग असले तर घड्याळ लावून. काकू गेल्या तेव्हाही काकांनी इथलाच नियम धरला. अस्थी नदीत सोडायला इथे परवानगी नाही, म्हणून कलश इथल्या दफनभूमीत पुरला. सांगलीहून भावांचे फोन आले, थोडी रक्षा तरी पाठव, कुणाला कळतंय. काकांनी पाठवली नाही. या एका गोष्टीवरून भावांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. मला हे कळलं तेव्हा मी मनात म्हटलं, हा माणूस तत्त्वाचा नाही, हट्टी आहे. अजूनही मला ते पूर्णपणे खोटं वाटत नाही.

आता माझ्यावर येते. ते लिहायचं टाळत इथवर आले.

कोलोनच्या आधी आम्ही अमेरिकेत होतो, न्यू जर्सीत. तिथे नवऱ्याची नोकरी गेली आणि व्हिसाच्या नियमाप्रमाणे साठ दिवसांत देश सोडायची वेळ आली. त्या दोन महिन्यांत घरभाडं, मुलीच्या आजारपणाचं बिल, तिघांची तिकिटं, सगळं माझ्या क्रेडिट कार्डावर गेलं. कार्ड माझ्या एकटीच्या नावावर होतं. सहा हजार डॉलर. पुण्याला पोचून दोन हप्ते भरले. मग रुपयांचे डॉलर करताना छाती दडपायला लागली आणि थांबवले. बँकेची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली असतील. आम्ही दीड वर्षाने जर्मनीला आलो, नवी नोकरी, नवं घर, आणि मी ते कार्ड मनातून पुसून टाकलं. पुसलं गेलं नव्हतं. अनोळखी नंबरवरून फोन आला की मी उचलत नसे, आणि का उचलत नाही हे नवऱ्यालाही सांगत नसे.

शेवटचा हप्ता भरून साडेचार वर्षं झाल्यावर पत्र आलं. एका जर्मन वसुली कंपनीने, इथे त्याला इनकासो म्हणतात, ते कर्ज विकत घेतलं होतं. व्याज आणि खर्च धरून अकरा हजार युरोंच्या वर. 'आपण न्यू जर्सीच्या रहिवासी होतात, त्या राज्याच्या कायद्याने वसुलीची मुदत सहा वर्षं आहे', असंही लिहिलं होतं. आमची सगळी शिल्लक साधारण तेवढीच होती. नवऱ्याने तेव्हा नुकतीच नोकरी बदलली होती आणि तो सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होता. एकदा दोन बॅगा आणि एक मूल घेऊन शून्यावर आलो होतो, आता पुन्हा तेच, एवढंच माझ्या डोक्यात घुमत राहिलं.

नवऱ्याने मला न विचारता एक उद्योग केला. कंपनीला एक्कावन्न युरो पाठवून दिले, त्याच्या खात्यातून.

"अरे, पण कशाला?"

"विसार दिल्यासारखं गं. त्यांना वाटेल, माणसं सरळ आहेत. जरा दम धरतील."

"आणि एक्कावन्न का?"

"पन्नास कसे देणार? बरं दिसत नाही."

हे फक्त आपल्यालाच सुचू शकतं. जर्मन वसुली कंपनीला शुभशकुनाचा वरचा एक युरो.

त्यांनी दम धरला नाही. महिन्याभरात पिवळं पाकीट आलं. पिवळं पाकीट म्हणजे न्यायालयाचं. पोस्टमनने ते पत्रपेटीत टाकलं तेव्हा काका दारातच होते, आणि मी वर जाता जाता ते फाडायला लागले तर जवळजवळ ओरडलेच. "पाकीट टाकू नकोस! त्याच्यावर त्यानं आजची तारीख लिहिलीय. दोन आठवडे त्या तारखेपासून."

मी जिन्यातच पायरीवर बसले आणि रडायला लागले. काकांनी मला पाणी दिलं नाही की धीरही दिला नाही. माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलं, पत्र बाहेर काढलं आणि नेहमीप्रमाणे मागच्या पानापासून वाचायला लागले.

"मानबेशाइड आहे, पैसे भरण्याची नोटीस," ते म्हणाले. "न्यायालयानं अजून काही तपासलेलं नाही. कंपनी म्हणाली, यांनी पुढे पाठवलं, बस. मान्य नसेल तर या चौकोनात खूण करायची आणि दोन आठवड्यांत परत पाठवायचं. खूण आज करू. आल्झो, आता आधी गाव ठरवू."

"काका, मी ते पैसे वापरलेत."

"ते मी विचारलं नाही. कार्डाचा मूळ करार आहे का?"

करार माझ्या जुन्या ईमेलमध्ये सापडला. बारीक अक्षरांची एकोणतीस पानं, जी मी आयुष्यात कधी उघडली नव्हती. काकांनी ती छापून घेतली आणि दोन दिवस वाचली. तिसऱ्या दिवशी सकाळी वर आले ते पेन्सिलीने खूण केलेलं सव्विसावं पान नाचवत. इतका आनंद मी त्यांना कॅरमची राणी घेतानाही झालेला पाहिला नव्हता.

"बँकेनं स्वतःच लिहून दिलंय! या कराराला डेलावेअर राज्याचा कायदा लागू. न्यू जर्सी नाही, डेलावेअर! तिथे मुदत तीन वर्षं. तुझी साडेचार झाली."

मी डेलावेअरमधून आयुष्यात एकदाच गेले होते, बसने, आणि झोपेत. त्या राज्याने माझं काही बरं करावं असं मी त्याच्यासाठी काहीच केलं नव्हतं. मी काकांचे हातच धरले. म्हटलं, "म्हणजे सुटले मी!"

"थांब," ते म्हणाले. "डेलावेअर घेतलंस तर सगळं डेलावेअर घ्यावं लागेल. तिथे म्हणे मुदतीनंतर ऋणकोनं थोडे जरी पैसे भरले, तरी कर्ज पुन्हा जिवंत होऊ शकतं. पण तू तर काही भरलं नाहीस."

मी त्यांचे हात सोडले.

सरकारी मदतीवर चालणारं एक ग्राहक सल्ला केंद्र असतं, तिथली वेळ घेतली. माझं ऑफिस इंग्रजीत चालतं, माझं जर्मन दुकानापुरतं, म्हणून काका दुभाषी म्हणून आले. जाताना ट्राममध्ये मी त्यांना एक्कावन्न युरोंचं सांगितलं. सांगितलं आणि लगेच विचारलं, "ते तिथे बोलायलाच हवं का?" काका खिडकीतून बाहेर बघत राहिले. उत्तर आलं नाही म्हणजे त्यांना पटलं, असं मी सोयीने धरून चालले.

सल्लागार बाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, शांत. त्यांनी सगळे कागद ओळीने लावले, करार बघितला, काकांची पेन्सिलीची खूण बघून कौतुकाने मान हलवली. म्हणाल्या, जर्मन न्यायालयसुद्धा मुदत करारात ठरलेल्या राज्याच्याच कायद्याने मोजेल. मग पेन उचललं आणि विचारलं, गेल्या काही महिन्यांत यांनी काही रक्कम भरली आहे का?

काकांनी प्रश्न मराठीत सांगितला. मला तो आधीच कळला होता. मी त्यांच्याकडे न बघता हळूच म्हणाले, "काका, नका ना सांगू."

आणि काकांनी भाषांतर केलं. स्वच्छ, सावकाश जर्मनमध्ये. "त्या म्हणतात, काका, नका ना सांगू."

एवढं जर्मन मला येत होतं. माझे कान तापले. बाईंनी पेन खाली ठेवलं, आधी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय सांगू नका?"

माझ्या डोळ्यांसमोर अकरा हजार युरो चालत दाराबाहेर गेले. सांगायला हवं ते मी सांगितलं, तुटक मराठीत, आणि काका एकेक वाक्य पलीकडे देत राहिले. विसार हा शब्द समजावून द्यायला त्यांना तीन मिनिटं लागली. एक्कावन्नचा एक का, हेही त्यांनी सोडलं नाही.

बाई मात्र वेगळंच विचारायला लागल्या. पैसे कुणाच्या खात्यातून गेले? नवऱ्याच्या. सोबत काय लिहिलं होतं? फाइलचा नंबर आणि त्याचं नाव. कार्डावर त्याचं नाव होतं? नाही. तुम्ही त्याला पाठवायला सांगितलं होतं? नाही, मला नंतर कळलं. त्यांनी हे सगळं लिहून घेतलं, नवऱ्याच्या खात्याच्या उताऱ्याचं पान मागून घेतलं, आणि मग सांगितलं की ज्याचं कर्ज नाही त्याने, कर्जदाराच्या सांगण्याशिवाय, काही पाठवलं तर ती कर्जदाराची कबुली धरता येणं फार कठीण. शंभर टक्के खात्री देत नाही, पण याच बाजूने लढता येईल. आणि हे तुम्ही लपवलं असतंत, आणि कंपनीने न्यायाधीशापुढे तो उतारा ठेवला असता, तर तुमच्या बाकी एकाही शब्दावर कुणी विश्वास ठेवला नसता.

खरं तर मी काकांचे आभार मानायला हवे होते. परतीच्या ट्राममध्ये मी त्यांच्यापासून चार खुर्च्या लांब बसले. घराच्या फाटकाशी आल्यावर न राहवून म्हणालेच, "तुम्ही माझ्या बाजूने आला होतात ना?"

"तू मला दुभाषी म्हणून नेलंस. दुभाषी म्हणजे पाइप. पाइपनं पाणी गाळायचं नसतं."

"आणि ती बाई दुसरं काही म्हणाली असती तर? मी बुडाले असते, काका."

"हो," ते म्हणाले. "बुडाली असतीस. मला रात्रभर वाईट वाटलं असतं." आणि किल्ली काढून आत गेले.

दहा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नसावं. रोज सकाळी आमच्या पत्रपेटीत एक चिठ्ठी असायची: 'पत्र लिहिलंस का?' कारण न्यायाधीश स्वतःहून सांगत नाही की मुदत संपली. ज्याचं कर्ज, त्यालाच ते म्हणावं लागतं, लेखी, आपल्या सहीने. नाही म्हटलं तर मुदत संपूनही संपत नाही.

शेवटी मी इंग्रजीत मसुदा केला आणि खाली घेऊन गेले. पूर्ण पान भरलं होतं. काकांनी पेन्सिल घेतली.

"'विलंबाबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.' विलंब म्हणजे देणं होतं, हे कबूल. काट. 'त्या वेळी आमची परिस्थिती बिकट होती.' कुणी विचारलं? काट. 'पुढे जमेल तसं...' अगं, हे तर एक्कावन्न युरोंच्या वर झालं. काट, काट."

खाली दोन वाक्यं उरली. मागणीची मुदत संपलेली आहे. त्या कारणाने मी रक्कम देण्यास नकार देते.

"हे फार उद्धट वाटतंय, काका."

"उद्धट नाही. पुरेसं आहे."

मी बराच वेळ पेन धरून बसले. मला लाज वाटत होती, स्पष्टच लिहिते. माझे वडील सातारला कारकून होते. महिनाअखेर आमच्याकडे आमटीत डाळ शोधावी लागे, पण वाण्याच्या वहीत आमचं पान नव्हतं. आई शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करत नसे, काही नाही तर चिमूटभर साखर घालायची. त्या घरातली मी, आणि घेतलेल्या पैशांना 'देण्यास नकार देते' असं लिहून खाली माझं नाव घालत होते. काकांना हे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण 'त्यात काय एवढं' असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "लाज वाटू दे. सहीच्या आड येत नाही ती." मी सही केली.

पाच आठवड्यांनी कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं. 'कोणतीही कायदेशीर बाजू मान्य न करता' मागणी मागे घेत आहोत. मी दुधाच्या पावडरीचे पेढे केले आणि ताटली घेऊन खाली धावले. काकांनी एक पेढा खाल्ला, हात पुसले, आणि माझ्या नावाची जी फाइल त्यांनी बनवली होती ती काढली. पत्राला भोकं पाडायचं यंत्र हातात घेतलं आणि थांबले.

"फाइल बंद करायच्या आधी विचारतो. याच प्रकरणातलं अजून कुणाचं देणं राहिलंय?"

"नाही."

त्यांनी भोकं पाडली नाहीत. यंत्र हातात धरून माझ्याकडे बघत राहिले, कारखान्यात एखाद्या शिकाऊ कामगाराकडे बघत असतील तसे.

"हो," मी म्हणाले. "आहे."

हे मी वर लिहिलं नाही, कारण तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. न्यू जर्सीत आमच्या शेजारी एक नागपूरच्या बाई राहायच्या. मी त्यांना ताई म्हणायचे. सामान आवरायच्या शेवटच्या आठवड्यात रोज मुलीला त्यांनी सांभाळलं. निघायच्या सकाळी त्यांनी जिन्यात एक पाकीट माझ्या हातात कोंबलं, आत अठराशे डॉलर होते. कागद नाही, सही नाही, कधी देशील असा प्रश्न नाही. फक्त म्हणाल्या, "पोचलीस की फोन कर." मी फोन केला नाही. पहिल्या महिन्यात वाटलं, पैसे हातात आले की करू. सहा महिन्यांनी वाटलं, आता कुठल्या तोंडाने करू. मग माझा नंबर बदलला, आणि मला बरंच वाटलं. बँकेला मी घाबरत होते. ताईंची आठवण आली तर मला जेवण जात नसे.

काकांनी ऐकलं. मला वाटलं, आता राज्य विचारतील, वर्षं मोजतील. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"तिथे सकाळचे दहा वाजले असतील. नंबर आहे?"

नंबर पाठ होता. इतकी वर्षं डायल न करता पाठ होता. काकांनी त्यांचा फोन माझ्यापुढे सरकवला, पेढ्यांची ताटली उचलून बाजूला ठेवली, आणि नर्सबाईंकडे काहीतरी काम आहे असं पुटपुटत बाहेर गेले.

काका आता ब्राउनश्वाइगला असतात, त्यांच्या मुलीच्या शेजारी. कोलोनचं घर विकलं. मंडळात कॅरमची भांडणं पूर्ववत सुरू झाली आहेत. ताईंचे पैसे मी त्याच आठवड्यात पाठवले आणि त्यांनी वाद न घालता घेतले. पण त्या दुपारी काकांच्या स्वयंपाकघरात, मी नाव सांगितल्यावर त्या आनंदाने ओरडल्या, मुलीची चौकशी केली, आणि मग मी चाचरत पैशांचा विषय काढला. मला वाटलं, आता बोल लावतील. मी त्याची तयारी करून बसले होते.

"पैशाचं होय?" ताई म्हणाल्या. "अगं, मला इतकी वर्षं वाटत होतं, माझंच चुकलं. असं भर जिन्यात तुझ्या हातात पाकीट कोंबलं, ते तुला लागलं असेल, म्हणून तू तोडलंस."